मुक्तीनंतरचे हक्क आणि स्वामीजी

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात ध्वजवंदन होते, हुतात्म्यांचे स्मरण होते आणि स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रतिमेला हार घातला जातो. ते उचितच आहे. परंतु निजामाची राजवट संपल्यावर सामान्य रयतेच्या पदरात नेमके काय पडावे, याचा जो विचार या संन्याशाच्या जीवनक्रमातून दिसतो, त्याकडे आपले पुरेसे लक्ष गेले आहे काय?

१९०३ साली कर्नाटकात जन्मलेले व्यंकटेश खेडगीकर प्रथम श्रमिकांच्या चळवळीत आले. नामदार ना. म. जोशी यांचे सहायक म्हणून काम करताना मजुरी, कामाचे तास आणि संघटनेचा अधिकार हे प्रश्न त्यांनी जवळून पाहिले. पुढे ते निजामाच्या राज्यात हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत शिक्षक झाले. १९३० मध्ये त्यांनी संन्यास घेतला. पण हा संन्यास लोकांपासून दूर नेणारा नव्हता. उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू आणि खेड्यातील मुलाची बोली मराठी, अशा त्या राज्यात हिप्परगा व नंतर अंबाजोगाई येथे मातृभाषेतून शिकविणे हेच मोठे राजकीय कार्य होते.

१९३८ मध्ये स्टेट काँग्रेस स्थापन होताच तिच्यावर बंदी आली. स्वामीजींनी सत्याग्रह केला आणि कारावास पत्करला. त्याच सुमारास धार्मिक संघटनांचाही सत्याग्रह चालू होता. दोहोंची गल्लत होऊ नये, लढा धर्माधर्मांतील न ठरता जबाबदार राज्यपद्धतीसाठीच राहावा, म्हणून गांधीजींच्या सल्ल्याने डिसेंबर १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह स्थगित केला. ही मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे, कारण दहा वर्षांनी तिची कसोटी लागली.

१९४७-४८ मध्ये रझाकारांनी गावे जाळली, लुटली, माणसे मारली. स्वामीजी पुन्हा तुरुंगात होते. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर ते सुटले; परंतु त्याच दिवसांत सूडाची लाट उसळून निरपराध मुसलमान कुटुंबे तिच्यात सापडली. पंडित नेहरूंनी पाठविलेल्या सुंदरलाल समितीने एकूण मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड होते आणि उस्मानाबादही होते. लातूर त्या काळी उस्मानाबादेत मोडत असे. हत्यांबरोबरच घरे व जमिनी बळकावल्याची नोंदही समितीने केली. हा अहवाल अभ्यासकांसाठी खुला झाला तो २०१३ मध्ये. रझाकारांनी ज्याचे घर जाळले तो आणि सूडापायी ज्याचे शेत गेले तो, या दोघांचा दावा न्यायाच्या दारात एकच आहे. एकाचे दुःख सांगताना दुसऱ्याचे झाकले, तर मुक्तीचा अर्थच उणावतो.

राजवट बदलली आणि कायदेही झाले. १९४९ मध्ये जहागिऱ्या नष्ट झाल्या. १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्याने संरक्षित कुळांना जमिनीवर हक्क दिला, खंडाला मर्यादा घातली. स्टेट काँग्रेसमधील जो गट अशा सुधारणांसाठी आग्रही होता, त्याचे नेतृत्व स्वामीजींकडे होते. परंतु कागदावरचा हक्क बांधापर्यंत पोचणे कठीण असते. कायदा होऊनही अनेक कुळे बेकायदा हुसकली गेली. कित्येकांनी दबावाखाली जमीन सोडली आणि दप्तरात ते स्वखुषीचे ठरले. तलाठ्याच्या वहीत आपल्या नावापुढे काय लिहिले आहे, हे ज्याला वाचता येत नाही, त्याचे रक्षण कायदा तरी कसे करणार?

म्हणूनच १९५० मध्ये नांदेडला स्वामीजींच्या पुढाकाराने पीपल्स कॉलेज उभे राहिले, याला विशेष अर्थ आहे. उच्च शिक्षणासाठी ज्यांना दूर हैदराबादला जाणे परवडत नव्हते, त्यांना ते जवळ मिळाले. खादी-ग्रामोद्योगाच्या कार्यामागेही हाताला काम हीच दृष्टी होती. ते १९५२ व १९५७ मध्ये लोकसभेवर निवडून गेले. भाषावार प्रांतरचनेसाठी हैदराबाद राज्याच्या विभाजनाचा त्यांनी आग्रह धरला. २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. नांदेडच्या विद्यापीठाला १९९४ पासून त्यांचे नाव आहे.

आज त्या वारशाचा हिशेब कसा मांडावा? २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. ज्या लातूरचा शिक्षणातील लौकिक सर्वत्र गाजतो, तेथेच शिकवणीचे शुल्क भरता न येणारा विद्यार्थी मागे राहतो. जमीन, पाणी, शिक्षण आणि रोजगार हे उपकार नसून हक्क आहेत, एवढे मान्य केले तर १७ सप्टेंबरच्या समारंभात आणखी एक गोष्ट घडावयास हवी. जिल्ह्यात किती कुळांची प्रकरणे पडून आहेत, किती गावांना टँकरने पाणी द्यावे लागले आणि किती मुलांनी शाळा सोडली, याचा जाहीर ताळेबंद त्याच व्यासपीठावरून वाचला जावा. शिक्षकांनी, कारकुनांनी आणि विद्यार्थ्यांनी तो मागावा. या नोंदी त्यांच्याच हाताखालून जातात.