मापे घेणारा कारकून

इ. स. १८७९ मध्ये पॅरिस शहराच्या पोलीस कचेरीत पंचवीस वर्षांचा एक तरुण कारकुनाच्या जागेवर रुजू झाला. पकडून आणलेल्या गुन्हेगारांची वर्णने कार्डांवर उतरवून काढावयाची, एवढेच त्याचे काम होते. या तरुणाचे नाव आल्फाँस बेर्तीयाँ.

आल्फाँसचा जन्म एप्रिल १८५३ मध्ये पॅरिस येथे झाला. त्याचे घराणे विद्वानांचे होते. वडील वैद्य असून मानवशास्त्र व संख्याशास्त्र या विषयांत त्यांचा मोठा अधिकार होता. थोरला भाऊ झाक हाही पुढे संख्याशास्त्रज्ञ म्हणून नावारूपास आला. अशा घरात जन्मास येऊनही आल्फाँसचे शाळेत कधी चित्त रमले नाही. शाळेतून त्याला काढून टाकण्यात आले. पुढे इंग्लंड व स्कॉटलंड येथे त्याने काही काळ शिकवण्याचे काम केले, सैन्यातही नोकरी केली. परंतु कोठेच त्याचा जम बसला नाही. अखेर वडिलांच्या ओळखीने ही कारकुनी त्याच्या पदरात पडली.

त्या काळी गुन्हेगार ओळखणे हे मोठे बिकट काम होते. पूर्वी फ्रान्समध्ये गुन्हेगाराच्या अंगावर तापलेल्या लोखंडाचा डाग देत. ही क्रूर चाल १८३२ मध्ये बंद झाली. त्यानंतर पोलिसांची सारी भिस्त स्वतःच्या स्मरणशक्तीवर येऊन पडली. मुरलेला चोर पुन्हा पकडला गेला की नवे नाव सांगून मोकळा होई. कचेरीत हजारो कार्डे होती. पण ‘उंची मध्यम, चेहरा साधारण’ अशा वर्णनावरून कोण कोणाला ओळखणार? शिवाय नजरेने ओळखण्यात चूक झाली, तर पहिल्यांदाच चुकलेला एखादा गरीब मनुष्य अट्टल गुन्हेगार ठरण्याची भीती होती.

ही निरर्थक वर्णने उतरवून काढताना आल्फाँसला घरातील मोजमापांच्या गोष्टी आठवल्या. मनुष्य वयात आला की त्याच्या हाडांची वाढ थांबते. दाढी वाढविता येते, नाव बदलता येते. परंतु डोक्याची लांबी किंवा पायाचे पाऊल बदलता येत नाही. दोन माणसांची उंची एक असू शकेल. परंतु अकरा निरनिराळी मापे तंतोतंत जुळणारी दोन माणसे सापडणे जवळजवळ अशक्यच. या विचाराने त्याने कैद्यांची मापे घेण्यास प्रारंभ केला. सोबतचे लोक त्याची थट्टा करीत. त्याने आपली योजना लिहून पोलीसप्रमुखांपुढे ठेवली. परंतु या क्षुल्लक कारकुनाचे म्हणणे त्यांनी धुडकावून लावले.

तीन वर्षे गेली. पोलीसप्रमुखाच्या जागी नवा अधिकारी आला आणि १८८२ च्या अखेरीस त्याने बेर्तीयाँला तीन महिन्यांची मुदत दिली. एखादा गुन्हेगार सुटावा, त्याने पुन्हा गुन्हा करावा, तो पुन्हा पकडला जावा आणि हे सारे तीन महिन्यांत घडावे, अशी ती अवघड कसोटी होती. मुदत संपत आली. फेब्रुवारी १८८३ मध्ये एके दिवशी खोटे नाव सांगणाऱ्या एका कैद्याची मापे घेताच बेर्तीयाँला ती पूर्वी नोंदल्यासारखी वाटली. त्याने कार्ड शोधून काढले. सारी मापे जुळली आणि चोराला आपले खरे नाव कबूल करावे लागले.

बेर्तीयाँच्या पद्धतीचे खरे मर्म कार्डांच्या मांडणीत होते. प्रत्येक मापाचे त्याने लहान, मध्यम व मोठे असे तीन वर्ग केले. समजा, कपाटात १,००,००० कार्डे आहेत. डोक्याच्या लांबीवरून त्यांतील सुमारे ३३,००० कार्डांचाच विचार करावा लागे. डोक्याची रुंदी पाहिली की ती ११,००० वर येत. डाव्या हाताचे मधले बोट, डावे पाऊल व कोपरापासूनचा हात मोजला की जेमतेम ४०० कार्डे उरत. आणखी काही मापे लक्षात घेतली की थोडीच कार्डे उरत व शोध काही मिनिटांत संपे. १८८४ या एका वर्षात त्याने २४१ जुने गुन्हेगार ओळखले. प्रत्येक कार्डावर समोरून एक व बाजूने एक असे दोन फोटो लावण्याची शिस्तही त्यानेच घालून दिली.

पुढे तो ओळख खात्याचा प्रमुख झाला. १८९२ मध्ये पॅरिसला बाँबस्फोटांनी हादरविणाऱ्या राव्हाशोलची खरी ओळख त्याने मापांवरून पटविली, तेव्हा त्याची कीर्ती सर्वत्र पसरली. देशोदेशींच्या पोलिसांनी त्याची पद्धत उचलली. हिंदुस्थानात बंगालमध्येही ती सुरू झाली.

परंतु कीर्तीबरोबर अहंकारही येतो. १८९४ मध्ये द्रेफ्यूस नावाच्या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर शत्रूला गुप्त माहिती पुरविल्याचा आरोप आला. पुराव्यादाखल असलेल्या कागदाचे अक्षर तपासण्यास बेर्तीयाँला सांगण्यात आले. हस्ताक्षर हा त्याचा विषय नव्हता. ते अक्षर द्रेफ्यूसच्या अक्षराशी नीट जुळतही नव्हते. तरीही द्रेफ्यूसने स्वतःचेच अक्षर मुद्दाम बदलून लिहिले आहे, असे त्याने ठासून सांगितले. द्रेफ्यूसला जन्मठेप झाली व दूरच्या एका बेटावर एकांतवासात दिवस कंठावे लागले. पुढे १९०४ मध्ये प्वँकारेसारख्या थोर गणितज्ञांनी बेर्तीयाँची गणिते खोटी ठरविली. १९०६ मध्ये द्रेफ्यूस निर्दोष ठरला. बेर्तीयाँने मात्र आपली चूक कधीच मान्य केली नाही. मोजमापाने निरपराध्यांचे रक्षण करणारा हा मनुष्य मोजमाप सोडून तर्कामागे धावला आणि एका निरपराध्याच्या दुःखास कारण झाला.

इकडे बंगालमध्ये त्याच्या पद्धतीचे दोष दिसू लागले होते. एकाच कैद्याची दोन शिपायांनी घेतलेली मापे जुळत नसत. बोटांवरील रेषा मात्र जन्मापूर्वी उमटतात व आयुष्यभर बदलत नाहीत. पोलीस अधिकारी एडवर्ड हेन्री आणि त्याचे साहाय्यक अझिझुल हक व हेमचंद्र बोस यांनी बोटांच्या ठशांचे वर्गीकरण बसविले. १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांची कचेरी स्थापन झाली आणि १९०१ मध्ये लंडनच्या पोलिसांनीही हाच मार्ग धरला.

बेर्तीयाँ ठशांना दुय्यम मानीत असे. तथापि आपल्या कार्डांवर तो बोटांचे ठसे घेऊ लागला होता. १९०२ मध्ये एका खुनाच्या जागी फुटक्या काचेवर उमटलेल्या ठशांवरून त्याने खुनी शोधून काढला. एवढे होऊनही कार्डांची मांडणी त्याने मापांनुसारच ठेवली. १९११ मध्ये लूव्र संग्रहालयातून ‘मोनालिसा’ हे जगप्रसिद्ध चित्र चोरीस गेले. काचेवर चोराच्या अंगठ्याचा ठसा होता. पूर्वी अटक झालेल्या त्या चोराचे कार्डही बेर्तीयाँच्याच कचेरीत होते. पण केवळ ठशावरून ते शोधण्याची सोय तेथे नव्हती. दोन वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर ते चित्र विकावयास गेलेला चोर इटलीत सापडला.

१३ फेब्रुवारी १९१४ रोजी बेर्तीयाँचे निधन झाले. त्याची मापनपद्धती त्याच्या मागोमाग लयास गेली. परंतु समोरून व बाजूने फोटो घेण्याची त्याची शिस्त आजही जगभर पाळली जाते. आणि मनुष्याची ओळख कोणाच्या नजरेवर किंवा आठवणीवर न ठरता पुराव्याने ठरावी, हा त्या सामान्य कारकुनाने घालून दिलेला धडा ठशांच्या शास्त्रानेही पुढे चालविला.