गाडीला ‘सेल’ देणारा माणूस : चार्ल्स केटरिंग

मित्रांनो, आपल्याकडे गाडी सुरू करण्याला ‘सेल मारणे’ म्हणतात. केजच्या गॅरेजमध्ये जा, गेवराईला जा, नाहीतर परळीला, शब्द हाच. हा सेल म्हणजे सेल्फ-स्टार्टर. किल्ली फिरवली की इंजिन सुरू होतं, यात आता कुणालाच नवल वाटत नाही. पण ही सोय ज्या माणसाच्या डोक्यातून निघाली त्याचं नाव मात्र आपल्याला फक्त परीक्षेपुरतं माहीत असतं. ऑटोमोबाईलच्या पुस्तकात बॅटरी-कॉइल इग्निशनची आकृती येते, तिला केटरिंग सिस्टीम म्हणतात. आकृती काढली, नावं दिली, मार्क मिळाले, विषय संपला. तोच हा चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग. मी याच्याबद्दल लिहायचं ठरवलं ते दोन कारणांनी. एक म्हणजे छोट्या गाडीची बॅटरी निवडताना जे कळायला हवं, ते याच्या आयुष्यातून चांगलं कळतं. दुसरं कारण लेखाच्या शेवटी येईल.

केटरिंगचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात लाउडनव्हिल गावाजवळच्या शेतावर. पाच भावंडांतला हा चौथा. म्हणजे आपल्यासारखाच शेतकऱ्याच्या घरातला पोरगा. लहानपणापासून डोळे अधू. वाचायला बसला की डोकं ठणकायचं. तरी शिकला, काही दिवस शाळामास्तर झाला आणि मग ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला गेला. तिथे डोळ्यांनी दगा दिला आणि कॉलेज सोडावं लागलं.

आता बघा, ड्रॉप लागला की आपल्या हॉस्टेलवर काय वातावरण असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पोरगं दार लावून बसतं, गावाकडचा फोन उचलत नाही. केटरिंगही आधी खचलाच होता. पण त्याने टेलिफोनच्या लाइनवर काम धरलं. खांबासाठी खड्डे खणणाऱ्या, तारा ओढणाऱ्या टोळीचा तो मुकादम झाला. विजेचं जे पुस्तकात अर्धवट राहिलं होतं ते तिथे हाताने शिकला. पुढे जिच्याशी लग्न झालं ती ऑलिव्ह विल्यम्सही त्याच दिवसांत भेटली. डोळ्यांना जरा आराम पडल्यावर तो परत कॉलेजात आला. रूममेट पुस्तकं वाचून दाखवत आणि हा ऐकून अभ्यास करी. १९०४ साली इलेक्ट्रिकलची डिग्री मिळाली तेव्हा वय होतं जवळपास २८. ज्यांची वर्षं गेली आहेत त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पहिली नोकरी डेटन शहरात, नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. दुकानात गल्ल्यावर असतं ते हिशेबाचं यंत्र तेव्हा हाताने दांडा फिरवून चालायचं. त्याला विजेची मोटर बसवायची होती. अडचण अशी की दांडा फिरवण्याइतका जोर देणारी मोटर यंत्रापेक्षा मोठी होत होती. केटरिंगने प्रश्नच वेगळा मांडला. गल्ला दिवसभर सतत फिरत नाही, एका वेळी सेकंदभर फिरतो. मग मोटर दिवसभर चालण्याच्या हिशेबाने कशाला करायची? छोटी मोटर घ्या, क्षणभर तिच्याकडून क्षमतेपेक्षा जास्त काम घ्या आणि ती तापायच्या आत थांबवा. १९०६ च्या सुमारास विजेवरचा गल्ला तयार झाला. ही एकच गोष्ट नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

१९०९ मध्ये त्याने एडवर्ड डीड्स यांच्याबरोबर स्वतःची कंपनी काढली. डीड्स यांच्या घरामागच्या कोठारात रात्री जागून काम चाले. कंपनीचं नाव डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज, आद्याक्षरं जोडून डेल्को. आधी इग्निशन झालं, मग कॅडिलॅक कंपनीच्या हेन्री लेलंड यांनी स्टार्टरचं काम दिलं.

त्या काळी गाडी हँडल मारून सुरू करायची. आपल्याकडे विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन ज्यांनी सुरू केलंय त्यांना हँडलची ताकद वेगळी सांगायला नको. इंजिनने उलटा फटका दिला की मनगट गेलंच. हँडलचा असाच मार बसून लेलंड यांचा एक स्नेही दगावला आणि म्हणून त्यांनी स्टार्टरचा ध्यास घेतला, अशी कथा सांगितली जाते. जाणकारांचं म्हणणं होतं की इंजिन फिरवायला जवळपास इंजिनाएवढी मोटर लागेल, ती गाडीत मावणार नाही. केटरिंगला मात्र गल्ला आठवला. इंजिन फिरवायचंय ते दोन-तीन सेकंद. एवढा वेळ छोटी मोटरही मोठा भार सोसते. १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांना हा स्टार्टर बसवून आला. इंजिन सुरू झालं की तीच मोटर जनरेटर होऊन बॅटरी भरायची. बॅटरीतून घेतलेलं बॅटरीला परत द्यायचं, असं पूर्ण चक्र त्यात होतं. थोड्याच वर्षांत हँडल मागे पडलं.

आता हे सगळं आपल्या छोट्या गाडीला कसं लागू पडतं ते सांगतो. केजला माझ्या काकांकडे जुनी मारुती ८०० आहे. मागच्या हिवाळ्यात सकाळी सेल मारला की नुसतं कट-कट वाजायचं. शेजारची पोरं जमायची, धक्का मारायचा, मग गाडी निघायची. काकांचं मत पडलं की या वेळी चांगली मोठी, जीपची असते तशी बॅटरी टाकू म्हणजे कटकट मिटेल. मी त्यांच्यापुढे वहीत हिशेब मांडला. समजा स्टार्टर १५० अँपिअर ओढतो आणि इंजिन ३ सेकंदांत सुरू होतं. १५० गुणिले ३ म्हणजे ४५० कूलोम, त्याला ३६०० ने भागलं की ०.१२५ अँपिअर-अवर. बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. म्हणजे एका सेलला अर्धा टक्काही खर्च होत नाही! मग बॅटरी कशाने मरते? साठा कमी पडून नाही, जोर कमी पडून. एकदम दीडशे अँपिअर देण्याची ताकद जाते. काका म्हणाले, म्हणजे पोतं भरलेलं आहे पण तोंड आवळलंय. अगदी तसंच.

म्हणून पहिलं काम म्हणजे खरंच बॅटरीच गेली आहे का ते बघणं. मल्टिमीटर आपल्या लॅबमध्ये असतोच. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी मोजा. सहा सेल, प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्ट, म्हणजे भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२ च्या खाली आली तर ती रिकामी आहे. सेल मारताना १० च्या बरीच खाली कोसळली तर जोर गेलेला आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ मिळालं पाहिजे. ते नसेल तर दोष आल्टरनेटरचा किंवा बेल्टचा, नवी बॅटरीही आठवड्यात उतरेल. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर आधी गरम पाण्याने धुवा, कधी कधी तेवढ्यानेच काम होतं. काकांच्या गाडीत १४ व्होल्ट मिळत होते, टर्मिनल स्वच्छ होते, बॅटरी पाच वर्षांची होती. म्हणजे तिचं आयुष्य झालं होतं.

दुसरं काम निवडीचं. मारुती ८००, अल्टो अशा पेट्रोल गाड्यांना साधारण ३५ अँपिअर-अवरची बॅटरी येते. जुन्या बॅटरीवरचा नंबर उतरवून न्यायचा. समजा ३८बी२०एल आहे. ३८ म्हणजे जोराचा दर्जा, बी म्हणजे रुंदी-उंचीचं माप, २० म्हणजे लांबी सुमारे २० सेंटीमीटर आणि एल किंवा आर म्हणजे पॉझिटिव्ह टर्मिनल कोणत्या बाजूला ते. हे शेवटचं अक्षर चुकलं की केबल पोचत नाही, आणि ओढून-ताणून उलटी लावली तर आल्टरनेटरचे डायोड जळतात. जीपची बॅटरी ट्रेमध्ये बसत नाही, क्लॅम्प लागत नाही. मग खड्ड्यात ती हलते आणि आतल्या प्लेटा सुटतात. आपल्या रस्त्यांवर खड्ड्यांचं मी वेगळं काय सांगू! दुकानात बनवल्याची तारीख बघा, शेल्फवर आठ-दहा महिने पडून राहिलेली घेऊ नका. वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख तिथेच घ्या.

अजून एक. बॅटरी हिवाळ्यात बंद पडते म्हणून आपण थंडीला दोष देतो. पण बीडचा उन्हाळा ४० च्या वर जातो आणि बॅटरी खरी खंगते ती तेव्हा. पाणी उडतं, प्लेटांची जाळी गंजते. तापमान १० अंश वाढलं की अशी झीज जवळपास दुप्पट होते असा ढोबळ नियम आहे. थंडीत इंजिन ऑइल घट्ट होतं, सेलला जास्त जोर लागतो आणि उन्हाळ्यातलं दुखणं डिसेंबरात बाहेर येतं. म्हणून पाणी भरायची बॅटरी असेल तर एप्रिल-मे मध्ये दर पंधरा दिवसांनी पातळी बघावी, आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावं.

बसवताना क्रम एवढाच : काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. गाडीची बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हचा नट खोलताना पाना बॉडीला लागला तर थेट शॉर्ट. अंगठी, कडं काढून ठेवा. क्लॅम्प घट्ट करा, टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावा. आम्हाला वीस मिनिटं लागली.

एक गोष्ट हॉस्टेलकरांसाठी. कुणी म्हणेल की गाडीची बॅटरी इन्व्हर्टरला लावली तर स्वस्तात काम होईल. तसं करू नका. गाडीच्या बॅटरीत पातळ प्लेटा जास्त असतात, कारण थोडा वेळ मोठा जोर द्यायचा असतो. इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीत प्लेटा जाड असतात, कारण तासन्‌तास थोडं थोडं द्यायचं असतं. गंमत म्हणजे केटरिंगने दोन्ही कामं केली. १९१६ मध्ये डेल्को-लाइट नावाचा संच आला. छोटं इंजिन, जनरेटर आणि काचेच्या बरण्यांतल्या बॅटऱ्या, ३२ व्होल्टवर. जिथे विजेच्या तारा पोचल्या नव्हत्या त्या शेतांवर त्याने दिवे लागले. लोडशेडिंग पाहिलेल्या आपल्या जिल्ह्याला याची किंमत कळेल.

पुढे डेल्को जनरल मोटर्समध्ये गेली आणि १९२० ते १९४७ केटरिंग तिथल्या संशोधनाचा प्रमुख होता. त्याच्या नावावर १८६ पेटंट आहेत. सगळंच जमलं असं नाही. हवेने थंड होणारं, तांब्याच्या पंख्यांचं इंजिन १९२३ मध्ये शेवरोले गाडीत बसवलं आणि ते इतकं फसलं की गाड्या परत बोलवाव्या लागल्या. अपयशाने तो हटला नाही.

पण आता माझं दुसरं कारण. इंजिनात नॉकिंग होतं, म्हणजे इंधन अवेळी भडकून ठोके बसतात, त्यावर त्याच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांनी डिसेंबर १९२१ मध्ये उपाय शोधला, टेट्राएथिल लेड. पेट्रोलमध्ये चमचाभर शिसं. अल्कोहोल मिसळूनही काम भागतं हे त्याच प्रयोगशाळेला माहीत होतं. तरी शिसं निवडलं गेलं. ते विकण्यासाठी १९२४ मध्ये एथिल कॉर्पोरेशन निघालं, त्याचा पहिला अध्यक्ष केटरिंग. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत पाच कामगार शिशाच्या विषाने वेडेपिसे होऊन मेले. विक्री काही काळ थांबली, पुन्हा सुरू झाली आणि हे शिसं जगभरच्या धुरातून मुलांच्या रक्तात गेलं. भारतात ते २००० साली बंद झालं. शेवटचा देश अल्जेरिया, तिथे २०२१ मध्ये.

हा माणूस दुष्ट होता असं मला वाटत नाही. याच माणसाच्या नावाने १९४५ मध्ये न्यूयॉर्कला कॅन्सर संशोधनाची स्लोन-केटरिंग संस्था उभी राहिली. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी डेटनला तो गेला. पण स्टार्टरच्या वेळी ज्याने नेमकी गरज किती ते मोजलं, त्याने शिशाच्या वेळी किंमत कोण भरणार हे मोजलं नाही, असं मला वाटतं. इंजिनाचा ठोका बंद झाला एवढं बघितलं.

काकांच्या बॅटरीतही शिसं आहे, किलोंनी. फरक असा की ते डब्यात बंद असतं आणि जवळपास सगळं परत वापरता येतं, पण नीट कारखान्यात गेलं तरच. भंगारवाल्याने ती उघड्यावर फोडली, ॲसिड नालीत ओतलं आणि शिसं चुलीवर वितळवलं, तर आजूबाजूच्या लेकरांना तेच विष. जुनी बॅटरी विकणाऱ्याने परत घ्यावी असा नियम आपल्याकडे २००१ पासून होता आणि २०२२ च्या नव्या नियमांनी बनवणाऱ्या कंपनीवरच ती परत गोळा करण्याची जबाबदारी टाकली. काकांना भंगारात शंभर-दोनशे जास्त मिळत होते. आम्ही बॅटरी दुकानातच दिली आणि बिलावर तशी नोंद करून घेतली.

मित्रांनो, आपण उद्या कुठे ना कुठे काहीतरी डिझाइन करू. गरज किती सेकंदांची हे केटरिंगसारखं विचारू या. आणि ते वापरून झाल्यावर कुणाच्या अंगणात जाऊन पडणार, हेही त्याच वहीत, त्याच पानावर लिहू या.

— अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी