चोपड्या तपासायच्या कोणी? : अल्फोन्स देजार्दें यांची पतपेढी

सहकारी पतसंस्था बुडाली की पहिला प्रश्न विचारला जातो तो देखरेखीचा. निबंधक काय करीत होते, लेखापरीक्षकाला काहीच कसे दिसले नाही, अशी विचारणा सुरू होते. उत्तर अमेरिकेत पतपेढीची चळवळ रुजवणाऱ्या अल्फोन्स देजार्दें यांना हा प्रश्न आयुष्यभर पुरला आणि त्याचे समाधानकारक उत्तर हाती येण्यापूर्वीच त्यांचा मृत्यू झाला.

देजार्दें यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८५४ रोजी कॅनडातील क्वेबेक शहरासमोर, सेंट लॉरेन्स नदीच्या पैलतीरावरील लेव्ही या गावी झाला. घर गरिबीचे, भावंडे पुष्कळ. शिक्षण बेताचेच झाले. पुढे त्यांनी वृत्तपत्रांत काम केले, क्वेबेकच्या विधिमंडळातील चर्चांचे वृत्तान्त काही वर्षे प्रसिद्ध केले, स्वतःचे एक वृत्तपत्रही काढून पाहिले; ते फार दिवस चालले नाही. १८९२ साली ओटावाच्या संसदेत फ्रेंच भाषणांचे लघुलेखक म्हणून त्यांना नोकरी मिळाली. दुसऱ्यांचे बोलणे मुकाट्याने टिपून घ्यायचे, एवढेच त्या नोकरीचे स्वरूप होते.

१८९७ च्या एप्रिलमध्ये त्याच सभागृहात सावकारीला आळा घालणारे विधेयक चर्चेला आले. मायकेल क्विन या सदस्याने मॉन्ट्रियलमधील एका माणसाची हकीकत सांगितली. मूळ कर्ज दीडशे डॉलरचे होते आणि त्यावर पाच हजार डॉलर व्याज भरण्याची पाळी त्या माणसावर आली होती. ती ऐकून देजार्दें अस्वस्थ झाले. लंडनचे हेन्री वुल्फ यांनी युरोपातील लोकपेढ्यांवर लिहिलेला ग्रंथ त्यांनी मिळवला, वुल्फ यांच्याशी व युरोपातील इतर सहकारी कार्यकर्त्यांशी पत्रव्यवहार केला आणि जर्मनी, इटली, फ्रान्स येथील पेढ्यांचे नियम एकेक करून अभ्यासले. हा अभ्यास तीन वर्षे चालला.

६ डिसेंबर १९०० रोजी लेव्ही येथे पतपेढीची स्थापना झाली. भाग पाच डॉलरचा होता, पण तो आठवड्याला दहा सेंट भरून पुरा करण्याची मुभा होती. २३ जानेवारी १९०१ रोजी पहिला भरणा झाला. त्या दिवशीची एकूण जमा सव्वीस डॉलर चाळीस सेंट.

या पेढीच्या घटनेत देखरेखीला दिलेले स्थान पाहण्यासारखे आहे. सभासदत्व चर्चच्या एका परगण्यापुरते मर्यादित होते, म्हणजे कर्ज मागणारा आणि कर्ज देणारा एकमेकांना ओळखत असत. कर्ज मंजूर करणारी समिती वेगळी आणि हिशेब तपासणारे देखरेख मंडळ वेगळे. या दोन्हींवर बसणाऱ्यांना पेढीतून कर्ज घेता येत नसे. संचालकांनी आपल्याच नावावर किंवा सग्यासोयऱ्यांच्या नावावर कर्जे उचलल्याच्या बातम्या आज इतक्या सवयीच्या झाल्या आहेत, की हा साधा नियम वाचताना थोडे थबकायला होते.

तरीही पेढीच्या पाठीशी कायदा नव्हता. उद्या तोटा झाला तर जबाबदारी चालवणाऱ्यांच्या अंगावर येणार होती. देजार्दें वर्षातले कित्येक महिने ओटावाला असत आणि त्या काळात कारभार त्यांच्या पत्नी दोरिमेन सांभाळीत. ठेवी वाढू लागल्या तशी दोरिमेन यांची काळजीही वाढली, कारण शेजाऱ्यापाजाऱ्यांची घामाची कमाई त्यांच्या घरात होती आणि घरात मुलेबाळे होती. देजार्दें यांच्या चरित्रकथनांत भर असतो तो त्यांच्या ध्येयवादावर. त्या ध्येयवादाची झोप उडवणारी बाजू दोरिमेन यांच्या वाट्याला आली, हेही नोंदवले पाहिजे.

१९०६ च्या मार्चमध्ये क्वेबेक प्रांताने सहकारी संस्थांचा कायदा केला आणि हा भार हलका झाला. देजार्दें यांना देशव्यापी कायदाही हवा होता. १९०८ साली तसे विधेयक कनिष्ठ सभागृहाने मंजूर केले, पण सिनेटमध्ये ते एका मताने पडले. त्यानंतर कॅनडात हा विषय प्रांतांकडेच राहिला.

त्याच वर्षी शेजारच्या अमेरिकेतून बोलावणे आले. मॅसॅच्युसेट्सचे बँक आयुक्त पिअर जे यांना असाच कायदा करायचा होता. बोस्टनचे व्यापारी एडवर्ड फायलीन १९०७ साली भारतात येऊन बंगालमधील सहकारी पतसंस्था पाहून गेले होते. तेही या प्रयत्नात सामील झाले. देजार्दें यांच्या सल्ल्याने तयार झालेला कायदा १९०९ साली संमत झाला. त्यात अंतर्गत देखरेख समिती कायम राहिली; शिवाय पतसंस्था बँक आयुक्ताच्या तपासणीखाली आल्या. भारतात १९०४ च्या कायद्याने निबंधकाला वर्षातून एकदा हिशेब तपासण्याचे, चौकशीचे आणि नोंदणी रद्द करण्याचे अधिकार आधीच दिले होते. फरक एवढाच की भारतात निबंधक आधी आला आणि पतसंस्था मागाहून उभ्या राहिल्या. लेव्हीत पेढी आधी उभी राहिली.

क्वेबेकमध्ये मात्र सरकारी तपासनीस देजार्दें यांना नको होता. सरकारबरोबर राजकारण पेढीत शिरेल अशी त्यांना भीती होती. मग तपासायचे कोणी? प्रत्यक्षात ते काम स्वतः देजार्दें यांनीच केले. शंभराहून अधिक पेढ्या त्यांनी जातीने उभ्या केल्या, हिशेबनिसांना पत्रांनी धडे दिले, शंका निरसल्या, चुका दाखवल्या. येथेच त्यांच्या योजनेची उणीव होती. राज्याच्या अधिकाराची जागा एका माणसाच्या नैतिक वजनाने भरून काढली होती आणि त्या माणसाची प्रकृती ढासळत होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात आजाराने त्यांना घरात बसवले. पेढ्या मात्र वाढतच होत्या.

अखेरच्या काळात त्यांना हे उमगले होते. सर्व पेढ्यांनी मिळून महासंघ करावा, त्याचे स्वतःचे तपासनीस असावेत, जादा पैसा एका मध्यवर्ती पेढीत ठेवावा, अशी योजना त्यांनी १९२० साली पेढ्यांपुढे मांडली. स्वायत्तता जाईल या शंकेने काहींनी हात आखडता घेतला. ती योजना मार्गी लागण्याआधीच ३१ ऑक्टोबर १९२० रोजी देजार्दें यांचे लेव्ही येथे निधन झाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत विभागीय संघ स्थापन होऊ लागले. क्वेबेक विभागाच्या संघाने दोरिमेन यांना सन्माननीय अध्यक्षपद दिले आणि त्या मतभेदांत आपले वजन खर्च करीत राहिल्या. प्रांतिक महासंघ उभा राहायला १९३२ साल उजाडले. तपासणीच्या खर्चासाठी प्रांतिक सरकारने अनुदान दिले, पण चोपड्या उघडणारे तपासनीस महासंघाचे राहिले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये दोरिमेन यांचे निधन झाले.