सिल्वासा मुक्त करायला आलेले बाबूजी

गणपतीत आमच्या मंडपात सकाळी सुधीर फडके यांचा आवाज लागला नाही, असे एकही वर्ष आठवत नाही. खडोलीच्या कारखान्यांत कामाला आलेली, इथेच स्थिरावलेली आपली मराठी कुटुंबे. पाहुणे आले की आपण त्यांना दादऱ्याचे वनगंगा उद्यान, सिल्वासाचे १८९७ चे चर्च, दुधनीचे पाणी दाखवतो. पण ज्यांचे गाणे मंडपात वाजते तेच बाबूजी १९५४ च्या ऑगस्टमध्ये हा मुलूख सोडवायला इथे आले होते, हे सांगायचे राहून जाते. आमच्या मुलांनाही ते ठाऊक नव्हते, याची आम्हाला खरेच लाज वाटली.

बाबूजींचा जन्म कोल्हापूरचा, २५ जुलै १९१९. खरे नाव राम. वामनराव पाध्ये यांच्याकडे गाणे शिकले. आई लवकर गेली, घरची स्थिती बिघडली. मुंबईत त्यांनी चहा विकला, भाजी विकली, गाण्याचे कार्यक्रम करीत गावोगाव फिरले. पुढे एचएमव्ही, मग प्रभात. १९४९ मध्ये गायिका ललिता देऊळकर यांच्याशी विवाह झाला.

नाव झाले होते, काम हाताशी होते. असा माणूस बंदुकीच्या भानगडीत कशाला पडेल? बाबूजी पडले. पोर्तुगिजांच्या ताब्यातील दादरा-नगर हवेली घ्यायची, तर हत्यारांना पैसा हवा होता. त्यासाठी पुण्यात लता मंगेशकर यांचा कार्यक्रम झाला आणि त्यामागे बाबूजींची खटपट होती. राजा वाकणकर, नाना काजरेकर ही सोबतची मंडळी. २२ जुलैला दादरा मुक्त झाले होते, पाठोपाठ नरोली. मग ऐन पावसात, आझाद गोमंतक दल आणि संघाचे स्वयंसेवक सिल्वासावर चालून गेले. २ ऑगस्टला तिरंगा चढला. कॅप्टन फिदाल्गो आपले शिपाई घेऊन खानवेलकडे हटला होता. ११ ऑगस्टला त्यानेही शरणागती पत्करली. सात वर्षांनी, १९६१ मध्ये, त्याच तारखेला हा प्रदेश रीतसर भारतात आला.

सिल्वासानंतर वर्षही झाले नाही, तोच १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले. शब्द गदिमांचे, चाली बाबूजींच्या, गीते छप्पन्न. घरोघरी लोक रेडिओपुढे बसू लागले. एवढ्या कीर्तीतही गोव्याच्या लढ्यातले मोहन रानडे त्यांच्या मनातून गेले नाहीत. रानडे पोर्तुगालच्या तुरुंगात होते. त्यांच्या सुटकेसाठी बाबूजी वर्षानुवर्षे झटले आणि १९६९ मध्ये रानडे सुटले. सावरकरांवरचा चित्रपटही असाच, पैशाची जमवाजमव करीत, २००१ मध्ये पुरा केला.

आम्हा सरकारी नोकरांना २०२० पर्यंत २ ऑगस्टची मुक्तिदिनाची सुट्टी असायची. बहुतेक जण त्या दिवशी घरातली राहिलेली कामे काढायचे. आम्हीही तेच करायचो. बाबूजी गेले ते २९ जुलै २००२ ला, मुंबईत. त्या वर्षीचा मुक्तिदिन चार दिवसांवर आला होता.