न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग

पाश्चात्त्य पंडितांचे आपल्याविषयीचे मत वेदवाक्य मानले जात होते, त्या काळी ते पुराव्याच्या कसोटीला लावणाऱ्यांत न्यायमूर्ती तेलंग आम्हांस अग्रगण्य वाटतात. त्यांचा जन्म मुंबईस ३० ऑगस्ट १८५० रोजी झाला.

रामायणाचे कथानक होमरवरून घेतले असावे, असे बर्लिनचे प्राध्यापक वेबर यांनी प्रतिपादिले होते. ऐन तेविशीतल्या तेलंगांनी १८७३ साली त्याचे साधार खंडन केले. स्त्रीचे हरण व तिच्यासाठी युद्ध, एवढ्या साम्यावरून उसनवारी सिद्ध होत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. गीतेत बायबलची छाया पाहणाऱ्या लोरिन्सर यांनाही त्यांनी १८७५ मध्ये तसेच उत्तर दिले. पुढे मॅक्समुल्लर यांच्या ग्रंथमालेत तेलंगांचाच गीतेचा इंग्रजी अनुवाद १८८२ साली प्रसिद्ध झाला.

१८८९ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि १८९२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू झाले. त्रेचाळीस वर्षे पुरी होतात न होतात तोच, १ सप्टेंबर १८९३ रोजी ते निवर्तले.

पौर्वात्य व मुस्लिम समाजांच्या पाश्चात्त्य चित्रणामागे सत्तेचा हात कसा असतो, हे एडवर्ड सैद यांनी १९७८ मध्ये दाखविले. त्याआधी शतकभर तेलंगांनी अशा चित्राची एकेक रेघ तपासण्याचा पायंडा पाडला होता. गाझियाबादेत परभाषकांत नांदणाऱ्या आम्हां मराठी जनांविषयीही काही ठरीव कल्पना असतात, आणि इतरांविषयी आमच्याही. दोहोंची छाननी त्याच कसोटीने व्हावी, असे आम्हांस वाटते.