चोवीस सेकंदांचे जनक डॅनी बियासोने

पांढुर्णा असो वा सौंसर, बास्केटबॉलच्या पंचाची खरी परीक्षा चोवीस सेकंदांच्या घड्याळापाशी होते. हे घड्याळ खेळात आणणारे डॅनी बियासोने 1909 मध्ये इटलीत जन्मले आणि बालपणीच अमेरिकेत आले. सिराक्यूज शहरात बोलिंगचे केंद्र चालविणाऱ्या या गृहस्थांनी 1946 मध्ये बास्केटबॉल संघ उभारला.

त्या काळी आघाडी मिळताच संघ चेंडू आपल्याकडेच खेळवत ठेवीत. 1950 मध्ये फोर्ट वेन-मिनियापोलिस सामना अवघ्या 19-18 गुणांवर संपला. खेळातील रंगतच लोपली. बियासोने आणि त्यांचे सहकारी लिओ फेरिस यांनी साधा भागाकार मांडला: रंगलेल्या सामन्यात सुमारे 120 फेकी, वेळ 2880 सेकंद, म्हणजे एका फेकीला 24 सेकंद. 1954 मध्ये नियम लागू झाला आणि त्याच हंगामात त्यांचा संघ विजेता ठरला.

अवघड प्रसंगांसाठी पुढे आंतरराष्ट्रीय नियमांत पोटनियम आले. भोंगा वाजताना हवेत असलेला चेंडू रिंगला लागला, तर खेळ चालू राहतो. न लागल्यास नियमभंग होतो. मात्र प्रतिस्पर्ध्याने चेंडू तत्काळ ताब्यात घेतला, तर पंच खेळ थांबवत नाहीत. रिंगला लागलेला चेंडू आक्रमकांनीच पुन्हा मिळविल्यास त्यांना 14 सेकंदच मिळतात.

बियासोने 1992 मध्ये निवर्तले. बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममधील स्थान त्यांना मरणोत्तर, 2000 मध्ये लाभले.