एक शिलिंग, एक पियानो आणि रिकाम्या भिंती

सप्टेंबर १९३९. ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि लंडनमधली थिएटरं, सिनेमागृहं, संगीताची सभागृहं सरकारी हुकुमाने बंद झाली. रात्री सगळीकडे ब्लॅकआउट. ट्रफाल्गर चौकातल्या नॅशनल गॅलरीने आपली मौल्यवान चित्रं बॉम्बच्या भीतीने वेल्सला हलवली होती. एवढी मोठी इमारत, पण आत फक्त रिकाम्या भिंती. त्या इमारतीत पियानो नेऊन ठेवावा, हे सुचलं मायरा हेस यांना.

मायराचा जन्म २५ फेब्रुवारी १८९० रोजी लंडनमधल्या एका ज्यू कुटुंबात झाला. चार भावंडांत ती धाकटी. पाचव्या वर्षी पियानो शिकायला लागली आणि पुढे रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये टोबायस मॅथे या गुरूंकडे तयार झाली. १९०७ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तिने क्वीन्स हॉलमध्ये बेथोवनचा चौथा पियानो कॉन्चेर्तो वाजवला. ऑर्केस्ट्राचे संचालक होते थॉमस बीचम. पण एका कार्यक्रमाने कुणी मोठं होत नाही. नाव व्हायला बरीच वर्षं गेली. १९२२ मध्ये अमेरिकेत पहिला कार्यक्रम झाला आणि मग तिकडचे दौरे नेहमीचेच झाले.

आपल्यापैकी अनेकांनी मायराबाईंचं काम नाव माहीत नसतानाही ऐकलेलं असेल. बाखच्या एका चर्चगीताची, ‘जीझू, जॉय ऑफ मॅन्स डिझायरिंग’ची, पियानोसाठीची मांडणी त्यांनी केली आणि ती १९२६ मध्ये छापली गेली. ही धून आजही चर्चमध्ये लग्नाच्या वेळी वाजते.

युद्ध सुरू झालं तेव्हा त्यांचा अमेरिकेचा दौरा ठरला होता. तिकडे सुरक्षितता होती, पैसाही होता. दौरा रद्द करून त्या लंडनमध्येच थांबल्या. गॅलरीचे संचालक केनेथ क्लार्क यांच्याकडे त्यांनी विचारणा केली, की इथे अधूनमधून कार्यक्रम करता येतील का? क्लार्क यांचं उत्तर त्यांच्या अपेक्षेपलीकडचं निघालं: अधूनमधून कशाला, रोजच करा!

पहिला कार्यक्रम १० ऑक्टोबर १९३९ रोजी दुपारी एक वाजता झाला. तिकीट एक शिलिंग. वाजवायला त्या स्वतःच बसल्या. परवानगी दोनशे माणसांची होती, आली हजाराच्या आसपास. बेथोवनची ‘अपासिओनाता’ सोनाटा झाली आणि त्या दिवशी बाखची ती धूनही वाजली.

तेव्हापासून सोमवार ते शुक्रवार, रोज दुपारी संगीत. बहुतेक वेळा एकटा वादक किंवा चेंबर म्युझिक, म्हणजे तीन-चार जणांसारखा छोटा गट. आपल्या घरगुती बैठकीसारखंच, ऐकणारा आणि वाजवणारा समोरासमोर. ऑफिसातले कारकून, नर्सेस, सुट्टीवर आलेले सैनिक जेवणाच्या वेळेत यायचे. कॅन्टीनमध्ये स्वयंसेविका सँडविच द्यायच्या, त्यातलं मध आणि मनुकांचं सँडविच फार गाजलं. नामवंत असो की नवखा, प्रत्येक वादकाला मानधन सारखंच, पाच गिनी. शिल्लक राहील ते गरजू संगीतकारांच्या मदतनिधीला. मायराबाईंनी स्वतः सुमारे दीडशे वेळा वाजवलं आणि एक पैसाही घेतला नाही.

१९४० च्या शरद ऋतूत लंडनवर रोज रात्री बॉम्ब पडू लागले. कार्यक्रम तळघरात गेले. ऑक्टोबरमध्ये गॅलरीवरच बॉम्ब पडला, तेव्हा एक दिवस मैफल शेजारच्या साउथ आफ्रिका हाउसमध्ये भरली. पण ठरलेला कार्यक्रम एकदाही चुकला नाही.

मला सगळ्यात विचार करायला लावते ती दुसरीच गोष्ट. तिथे वाजायचं ते पुष्कळसं बाख, बेथोवन, ब्राम्स, शूमान. म्हणजे सगळे जर्मन! ज्या देशाची विमानं रात्री शहर जाळत होती, त्याच देशाचं संगीत दुपारी त्याच शहरात लोक रांग लावून ऐकत होते. आणि ते वाजवणारी बाई ज्यू होती. हिटलरच्या राजवटीत तिला व्यासपीठावर पाऊलही ठेवू दिलं नसतं. बाख आणि बेथोवन त्या राजवटीच्या मालकीचे नाहीत, हे मायराबाईंनी भाषण न करता, पियानोसमोर बसून दाखवलं.

१९४१ मध्ये त्यांना ‘डेम’ हा किताब मिळाला. युद्ध संपल्यावरही कार्यक्रम चालू राहावेत अशी त्यांची फार इच्छा होती. पण चित्रं परत आली होती, दालनं हवी होती. गॅलरीने नकार दिला, तो त्यांच्या मनाला लागला. १० एप्रिल १९४६ रोजी शेवटची मैफल झाली. एकूण कार्यक्रम १,६९८ आणि श्रोते ८,२४,१५२.

१९६१ नंतर तब्येतीमुळे त्यांचं जाहीर वादन थांबलं. २५ नोव्हेंबर १९६५ रोजी त्या गेल्या. पुढे १९७७ मध्ये शिकागो शहराच्या सांस्कृतिक केंद्रात त्यांच्या नावाने दर बुधवारी दुपारी मोफत मैफली सुरू झाल्या. तरुण वादकांना या मैफलींत व्यासपीठ मिळतं आणि ऑफिसातली माणसं जेवणाच्या सुट्टीत ऐकायला येतात.

आपल्या गावात चांगलं सभागृह नाही, ग्रँट नाही, असं आपण नेहमी म्हणतो. मायराबाईंकडे रिकामी खोली होती आणि ठरलेली वेळ होती. ती वेळ त्यांनी साडेसहा वर्षं पाळली.